'आखरी दर्रा' खेळून झाल्यावर

गेम वाईट होता, हे आधीच सांगते. कॅमेरा भिंतीत शिरायचा. उडीचं बटण दाबलं की हीरो जरा विचार करूनच उडायचा, तोवर पायाखालचा दगड गेलेला असायचा. बर्फ म्हणून जे पसरलं होतं ते कपड्यांच्या साबणाच्या चुऱ्यासारखं दिसत होतं. मला गेममधलं कळतं. सुशांत, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्याचा मित्र इंद्रजित आणि मी, आम्ही तिघांनी चंदीगडच्या सेक्टर पंधरामधल्या सायबर कॅफेत दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत, आणि त्या दोघांना अडलेली लेव्हल नेहमी मीच पार करून दिली आहे. दुसरा कोणताही गेम असता तर मी पहिल्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवरून काढून टाकला असता.

पण 'आखरी दर्रा' इंद्रजितने बनवला होता. दर्रा म्हणजे खिंड. गेम सुरू झाला की काळ्या पडद्यावर आधी पांढरी अक्षरं यायची: 'सुशांतसाठी'.

सुशांतदादा दोन हजार सालच्या जूनमध्ये गेला. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा संपवून तो आणि इंद्रजित हिमाचलात ट्रेकला गेले होते, दोघेच. खिंड ओलांडून उतरताना तो घसरला, डोकं खडकावर आपटलं आणि जागीच गेला, असं इंद्रजितने आम्हाला सांगितलं. सांगायला दुसरं कोणी तिथे नव्हतंच. बाबा वर गेले आणि त्याला घेऊन आले. बाबा सेक्टर तीसच्या लॅबमध्ये उपकरणांवर काम करतात. आधीही ते कमी बोलायचे, त्यानंतर आणखी कमी बोलायला लागले.

इंद्रजितच्या वडिलांची बँकेतून नागपूरला बदली झाली, पण तो चंदीगडलाच राहिला. इंडस्ट्रियल एरियात नवीन निघालेल्या एका गेम स्टुडिओत त्याला नोकरी लागली आणि जवळच झिरकपूरला त्याने फ्लॅट घेतला. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. आई त्याला दादाच्या जागेवर बसवायची, त्याच्या पानात तूप जास्त वाढायची. तो "बस ना काकू" म्हणायचा आणि खायचा. मला त्याचा राग नव्हता. उलट तो आला की आईचा रविवार बरा जायचा, म्हणून मला तो हवाच असायचा.

दोन हजार चारच्या डिसेंबरात त्याने गेमची सीडी आणून आईच्या हातात दिली. आई युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. तिने ती सीडी दादाच्या फोटोपुढे ठेवली, नमस्कार केला आणि मला म्हणाली, "आशू, तू खेळ. मी बघते."

म्हणून मी खेळले. मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. ड्यूटी संपवून धुक्यातून स्कूटर चालवत घरी यायचे, हात शेकायचे आणि कॉम्प्युटरसमोर बसायचे. आई बाजूला खुर्ची ओढून मटार सोलत बसायची. पहिल्या दिवशी तिला काही कळेना. हा कोण, तो का मारतोय, तू आपल्याच माणसाला का ढकलतेस. मग हळूहळू कळायला लागलं. वीर नावाचा हीरो आणि सनी नावाचा त्याचा मित्र, दोघं डोंगरात हरवलेलं एक देऊळ शोधायला निघतात. मागे तस्कर लागलेले. वीरला आपण चालवायचं, सनी आपोआप मागे येतो.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी एका दरीच्या काठाशी सनी थांबला आणि म्हणाला, "पक्का ना?"

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. दादा प्रत्येक गोष्टीआधी हे विचारायचा. सिनेमाला निघताना, रस्ता ओलांडताना, मुलीला फोन लावताना. पक्का ना? त्या गेममधला सनी प्रत्येक उडीआधी हेच म्हणत होता, कोणा रेडिओवाल्याच्या भरदार आवाजात. चालायचा दादासारखा, एक खांदा जरा खाली टाकून. नवीन ठिकाणी शिरताना मान तिरकी करून बघायचाही त्याच्यासारखा.

"बघितलंस?" आई म्हणाली. "किती लक्ष होतं त्याचं सुशांतकडे."

मला ते आवडलं नव्हतं. घरातली एखादी वस्तू कोणी न विचारता उचलून दुकानाच्या काचेत मांडावी, तसं वाटलं होतं. पण आई त्यानंतर रोज पाच वाजल्यापासून माझी वाट बघायला लागली. संध्याकाळी ती बडबडायला लागली होती. सनी मागे राहिला तर "थांब, त्याला येऊ दे" म्हणायची. मी गप्प राहून खेळत गेले.

शेवटच्या भागात वीर आणि सनी खिंड ओलांडतात. उतारावर सनीचा पाय मोडतो. वीर त्याला खडकाच्या आडोशाला बसवतो. इथे आपल्या हातात काही राहत नाही, नुसतं बघायचं. संगीत वाजायला लागतं. सनी हसतो आणि म्हणतो, "तू जा. दोनों नहीं बच सकते. माँ से कहना, मुझे डर नहीं लगा." मग तो स्वतःच वीरचा हात सोडतो आणि डोळे मिटतो.

त्यानंतर पडद्यावर सोनेरी अक्षरं येतात. सनीची शक्ती तुम्हाला मिळाली आहे. वीरचा उरलेला जीव दाखवणारी पट्टी दुप्पट लांब होते, हातात सनीची कट्यार येते. त्या कट्यारीशिवाय शेवटचा राक्षस मरत नाही. मी तो मारला. देऊळ सापडलं. सूर्य उगवला. माझा भाऊ मेल्यामुळे माझी ताकद वाढली होती.

मी खुर्ची मागे सारली. आई रडत होती, पण गेल्या चार वर्षांत रडायची तशी नाही. तोंडावर पदर नव्हता. ती पडद्याकडे बघून मोकळी रडत होती.

"म्हणजे तो लगेच गेला नव्हता," ती म्हणाली.

"आई, गेम आहे तो. रचलेलं असतं सगळं."

"नाव घालून कोणी उगाच रचेल का? तोंडाने सांगायचं धाडस झालं नसेल बिचाऱ्याचं, म्हणून असं सांगितलंय. घाबरला नव्हता माझा मुलगा. माझी आठवण काढली त्याने."

दोन दिवसांत तिने त्याचं ते शेवटचं वाक्य सगळ्यांना सांगितलं. सांगलीच्या मावशीला फोनवर, कॉलनीतल्या बायकांना, भाजी आणणाऱ्या माणसालासुद्धा. बाबांना तिने जेवताना सांगितलं. बाबांनी मान खाली घातली आणि भात कालवत राहिले. मला ते तेव्हा खटकलं नाही.

मला दुसरंच खटकत होतं. मी दादाला ओळखत होते. तो साधं इंजेक्शन घेताना माझा हात धरायचा. पाय मोडलेला दादा हसून "तू जा" म्हणेल, हे माझ्या गळी उतरेना. आणि जागीच गेलेल्या माणसाला निरोप द्यायला वेळ कुठून मिळाला, हाही प्रश्न होताच. इंद्रजितचं एक तरी म्हणणं खोटं होतं.

शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून मी त्याच्या ऑफिसात गेले. इंडस्ट्रियल एरियाच्या फेज वनमध्ये नटबोल्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या वर त्यांचा स्टुडिओ होता. खाली प्रेस मशीन आदळलं की वरच्या टेबलांवरचे कप हलायचे. त्याने मला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"संपवलास? कसा वाटला?"

"घाणेरडा," मी म्हटलं. "बाहेर चल."

आम्ही जिन्याच्या वरच्या टोकाला उभे राहिलो.

"सनी शेवटी जे बोलतो ते दादा बोलला होता?"

"आशू, गेम आहे यार तो."

"आईला तो गेम वाटत नाही. ती सगळ्या गावाला सांगत सुटली आहे. बोलला होता का?"

खाली मशीन आदळलं. तो ते थांबायची वाट बघत राहिला.

"तो जागीच गेला नव्हता," मी म्हटलं.

"नाही."

"मग?"

त्याने खिशातून हात काढले, परत घातले. मग बोलला, ते मराठी, हिंदी सगळं मिसळून, माझ्याकडे न बघता. दादाचा पाय मांडीत मोडला होता. उचलून उतरवणं शक्य नव्हतं. दुपार सरत होती. खाली मेंढपाळांचा डेरा होता, तिथून माणसं आणायची होती. दादा त्याला सोडेना. त्याने इंद्रजितच्या जॅकेटची बाही धरून ठेवली होती. एकटा ठेवून जाऊ नको, एवढंच परत परत म्हणत होता.

"मग तू काय केलंस?"

"बोटं सोडवली."

मी रोज पेशंटचे आखडलेले हात उघडते. घट्ट धरलेली मूठ ओढून सुटत नाही. आधी अंगठा बाजूला करावा लागतो, मग एकेक बोट. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ समोरच्याचं तोंड आपल्यापासून हातभर अंतरावर असतं.

"तो ओरडत होता मागून," इंद्रजित म्हणाला. "मी वळलो नाही. वळलो असतो तर गेलोच नसतो. डेऱ्यावर पोचेपर्यंत अंधार झाला. ते म्हणाले सकाळी जाऊ. मी बसलो आणि झोपलो, आशू. मला झोप लागली. सकाळी वर गेलो तेव्हा..."

"जागीच गेला म्हणून सांगितलंस."

"काकूंना कसं सांगणार होतो?"

"आणि आता पैसे घेऊन विकतोस. वर त्याच्या तोंडी घालतोस की तू जा."

"तुला काय वाटतं, मी विकायला लिहिलं ते?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "चार वर्षं मला तेच ऐकायचंय त्याच्याकडून. एकदा म्हणाला असता तर. मी बरोबर केलं होतं. थांबलो असतो तर दोघं मेलो असतो. कुणालाही विचार."

"बरोबर केलं असशील. मग जे केलंस ते दाखवायचं होतं. बाही धरलेला सनी दाखवायचा होता. ते बटण आम्हाला दाबायला लावायचं होतं."

"कोण खेळलं असतं तो गेम?"

मला त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं, हात शिवशिवले. मी ते कठड्यावर ठेवले.

"रविवारी जेवायला येतोस ना," मी म्हटलं. "जेवणाआधी आईला सांग. हे सगळं, बोटांसकट."

"मरतील त्या."

"तू चार वर्षं तिच्या हातचं जेवलास. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि मी तुझ्यासारखं संगीत घालून सांगणार नाही."

रविवारी तो आला. मला वाटलं होतं येणार नाही. दाढी केली होती, स्वेटर नवा होता. आईने मसालेभात केला होता, घरभर वास सुटला होता. ती ताटं मांडत होती तेव्हा तो म्हणाला, "काकू, आधी बसा जरा."

त्याने सांगितलं. काही गाळलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. बोटांपर्यंत आला तेव्हा अडखळला, माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. तो पुढे बोलला.

आई ऐकत होती. हात मांडीवर होते. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "आवाज कुठपर्यंत येत होता?"

त्याला कळलं नाही.

"तू उतरत होतास. तो हाका मारत होता. तुला कुठपर्यंत ऐकू आल्या?"

"खाली एक ओढा होता," तो म्हणाला. "त्याचा आवाज सुरू होईपर्यंत."

आईने मान हलवली. मग बाबा बोलले. ते खिडकीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोक्याला मार नव्हता. पहाटे थंडीने गेला."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. इंद्रजितनेही त्यांच्याकडे बघितलं. त्यालाही हे नवीन होतं. चार वर्षं बाबा त्याच्या समोर बसून जेवत होते, त्याला लोणचं पुढे करत होते, आणि तो खोटं बोलतोय हे त्यांना ठाऊक होतं.

"मग तुम्ही मला का सांगितलं नाहीत?" आईने विचारलं.

"काय फरक पडला असता, शैलजा?"

"मला पडला असता," आई म्हणाली. "तो रात्रभर एकटा होता, तेव्हा मी इथे झोपले होते. निदान नंतर तरी एखादी रात्र मी त्याच्याबरोबर जागले असते."

ती उठली. इंद्रजितच्या पुढ्यातलं रिकामं ताट तिने उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन म्हणाली, "तू जा आता. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण या घरात परत येऊ नकोस."

"काकू..."

"आणि तो गेम बाजारातून काढ. काढता येत नसेल तर त्याचं नाव तरी काढ."

तो गेला. खाली त्याची मोटारसायकल बराच वेळ सुरू होईना. आम्ही तिघं ते किक मारणं ऐकत बसलो.

मला वाटलं होतं, आता आई माझ्याजवळ येईल. ती आली, पण म्हणाली, "माझ्याकडे त्याचं एक वाक्य होतं. खोटं तर खोटं. तू तेही काढून घेतलंस."

"आई, तुला खरं कळायला नको होतं?"

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे?"

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात माणसं बोलतात. आईने अंथरूण दादाच्या खोलीत नेलं. स्वयंपाक करायची, वाढायची, बाबांशी आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. कॉलनीतल्या बायका तिला दाराशी थांबवून "तुमच्या मुलाचं ते वाक्य..." म्हणायच्या, तेव्हा ती मान हलवून आत यायची. तिने कुणालाही दुरुस्त केलं नाही. बाबा लॅबमधून उशिरा यायला लागले. मी मुद्दाम ज्यादा ड्यूटी घ्यायला लागले. इन्स्टिट्यूटमध्ये पेशंटची बोटं उघडताना मी अंगठ्याशीच थांबायचे, आणि का ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

गेम बऱ्यापैकी चालला. इंटरनेटवर एका भारतीय साइटवर लोक आपापली मतं लिहायचे. कॅमेऱ्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या होत्या, आणि शेवटाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. सनी गेला तेव्हा मी रडलो, असं कुणी पुण्याच्या मुलाने लिहिलं होतं. मी त्याखाली लिहिलं की शेवट खोटा आहे, मरणारा माणूस असं बोलत नाही, हे लिहिणाऱ्याला स्वतःला माफी हवी होती म्हणून त्याने ती मेलेल्याच्या तोंडून घेतली आहे. मला उत्तरं आली की मी दगड आहे, मला गेममधलं काही कळत नाही. एकाने विचारलं, तुझं कोणी असं गेलंय का? मी साइट बंद केली.

जानेवारी संपताना इंद्रजितने मेल केला. तो बंगलोरला चालला होता. पुढच्या आवृत्तीतून त्याने दादाचं नाव काढायला लावलं होतं. 'पक्का ना' मात्र मालक काढू देईनात, लोकांना ते आवडतं म्हणाले. मेलच्या शेवटी लिहिलं होतं, एक दिवस तू मला समजून घेशील. मी उत्तर दिलं नाही. समजून तर मी जिन्यावरच घेतलं होतं. कोणत्याही समंजस माणसाने तेच केलं असतं. तरीही त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही, आणि या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, एकमेकींना ढकलत नाहीत.

फेब्रुवारीत थंडी ओसरली. एका सुट्टीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात चहा करत होते. आई ओट्याशी मेथी निवडत होती. नेहमीप्रमाणे आम्ही बोलत नव्हतो. अचानक ती म्हणाली, "आंघोळीला जाताना दार लावायचा नाही तो. आठवतं?"

मी गॅस बारीक केला.

"बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत. फट ठेवायचा आणि आतून हाका मारायचा, आई आहेस ना, आई आहेस ना. मी वैतागायचे. म्हणायचे, अरे घोड्या, पाली खातात काय तुला?"

ती हसली नाही, पण तिचा आवाज हसण्याच्या जवळ गेला होता. त्या घरात दादाबद्दल इतकं साधं कोणी चार वर्षांत बोललं नव्हतं. तो गेल्यापासून आम्ही त्याला हुशार, धाडसी, डोंगरवेडा म्हणत आलो होतो. भित्रा कुणी म्हटलं नव्हतं.

"तलावावर बोटीतही बसला नाही," मागून बाबा म्हणाले. ते दारात कधी येऊन उभे राहिले होते ते कळलं नाही. "तिकीट काढलं आणि काठावरूनच परत आला. मला म्हणाला, तुम्हीच जाऊन या."

आईने त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. पण निवडलेली जुडी बाजूला सारून तिने ओट्यावर थोडी जागा केली, आणि बाबा आत येऊन तिथे टेकले. मी तिघांचा चहा गाळला.

कप पुढे केला तेव्हा आई म्हणाली, "मी हे बोलले म्हणून विसरले असं समजू नका. दोघंही."

"नाही समजत," बाबा म्हणाले.

"आणि तो इतका घाबरट होता, तर डोंगरात कशाला जायचा?" ती मला विचारत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने कप घेतला आणि आम्ही तिघं त्यावर बोलत बसलो, बराच वेळ, अधूनमधून एकमेकांवर चिडत.